मागच्या खोलीतलं सदतीस

११ मे. मखमल धुवायचं काम काढलं होतं.

प्रयोगशाळेत मखमल लागते हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. पुसदच्या कापडवाल्याने पहिल्यांदा विचारलं होतं, "शेरवानी शिवायची काय, मॅडम?" मी म्हटलं, "नाही, यीस्टचे ठसे घ्यायचे आहेत." तो हातातली कात्री तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिला. मग धंदेवाईक माणूस असल्यामुळे म्हणाला, "कोणता रंग देऊ?" काळा घेतला. यीस्ट पांढरं असतं, काळ्यावर चटकन दिसतं.

काम साधं आहे. प्लेटमध्ये खळीसारखं खाद्य घट्ट जमवलेलं असतं, त्यावर यीस्टचे ठिपके वाढतात. एका गोल ठोकळ्यावर मखमलीचा तुकडा ताणून बसवायचा आणि ती प्लेट त्यावर पालथी दाबायची. प्रत्येक ठिपक्यातल्या थोड्या पेशी मखमलीच्या केसांना चिकटतात. मग त्याच मखमलीवर एक कोरी प्लेट दाबायची, मग दुसरी. दोन्हींवर तोच नकाशा उमटतो. एक प्लेट गार जागी ठेवायची, एक गरम. कोण कुठे जगतो, कोण कुठे मरतो, ते समोरासमोर दिसतं. मखमलीला साबण मात्र लावायचा नाही. साबणाचा अंश राहिला तर सगळेच मरतात आणि आपण भलताच शोध लागल्यासारखे नाचत बसतो. म्हणून हे धुणं मी कोणावर सोपवत नाही.

तर मी कोपरापर्यंत ओली असताना नाझनीन आली. नाझनीन आमच्याकडे पीएच.डी. करते.

"मॅडम, हे पायता का जरा?"

"हात ओले आहेत. काय झालं?"

"मेलं."

"काय मेलं?"

"मायं बदललेलं यीस्ट. सदतीस अंशांवर मेलं. हिवाळ्यात तर चांगलं जगलं होतं ना हे."

मी प्लेट पाहिली. जिथे ओळीने ठिपके हवे होते तिथे कोरं. शेजारी साधं यीस्ट मस्त फुगलेलं.

"प्लेट फिरवून धरली असशील. खूण कुठे आहे?"

"खूण ही काय. दोनदा पायलं, मॅडम. मी काय पहिल्यांदा करून राह्यली?"

मी म्हटलं, पुन्हा कर. आमच्या धंद्यात काही समजलं नाही की पहिलं उत्तर हेच असतं.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. शिकवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे यीस्ट सांभाळणं. फ्रीझरमध्ये छोट्या कुप्यांत शेकड्याने वाण ठेवलेले आहेत आणि कोणता वाण कोणता, हे सांगण्याची जबाबदारी माझी. गावात ही बातमी थोडी वेगळी पोचली आहे. एक बेकरीवाले काका मध्यंतरी डबा घेऊनच आले. "बाई, तुमच्याकडे फॉरेनचं खमीर आहे म्हणतात. माया पाव बसून राह्यला." मी त्यांना खरं ते सांगितलं, की आमच्याकडचं बहुतेक यीस्ट अधू आहे. कोणाचा एक भाग काढलेला, कोणाचा दुसरा. "असं कोणी केलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आम्हीच." काकांनी डब्याला झाकण लावलं आणि फार वाईट वाटल्यासारखा चेहरा करून गेले.

आता नाझनीनचं यीस्ट कशात अधू होतं, ते सांगावं लागेल. ज्यांना नको असेल त्यांनी पुढचा भाग सोडावा, पण मग नंतरचं भांडण कळणार नाही.

पेशीत प्रथिनं सारखी तयार होत असतात. रायबोसोम नावाच्या यंत्रातून ती धाग्यासारखी बाहेर येतात. धाग्याचं टोक बाहेर डोकावलं की बऱ्याच प्रथिनांच्या टोकाला एक चिमुकला रासायनिक तुकडा लावला जातो. त्याला अ‍ॅसिटिल म्हणतात. एकदा लागला की सहसा निघत नाही. तो लावणारं जे जोडयंत्र आहे त्याचं नाव नॅट-ए. त्याचे मुख्य भाग दोन. लहान भाग प्रत्यक्ष काम करतो, म्हणजे तुकडा उचलतो आणि टोकाला लावतो. मोठा भाग स्वतः काहीही लावत नाही. तो कडं वळवावं तसा वळलेला असतो आणि लहान भागाला कवेत घेऊन बसतो. शिवाय तो रायबोसोमला धरून राहतो, त्यामुळे लहान भाग नेमका धाग्याच्या टोकाशी हजर असतो. तिसराही एक छोटा भाग आहे. यीस्टमध्ये तो बहुधा नुसताच बसून असतो. स्टाफरूममध्ये हे सांगितलं की लोक एकमेकांकडे पाहतात.

मोठा काढा नाहीतर लहान काढा, यीस्टचे हाल सारखेच होतात. तीस अंशांवर ते रडतखडत जगतं, सदतीसवर मरतं. यीस्टच्या दोन जाती असतात, त्यांतल्या एका जातीला मग जोडीदार जमत नाही. दुसरीला मात्र जमतो. याचं कारण थोडंफार माहीत आहे. पण एवढ्याशा तुकड्यामुळे इतक्या प्रथिनांचं नेमकं काय भलं होतं, असं वर्गात कोणी विचारलं तर मी फळा पुसायला घेते.

नाझनीनचे वडील रफीकभाई दारव्ह्याला मोटरसायकली दुरुस्त करतात. स्पेअर पार्ट घ्यायला यवतमाळला आले की कधी कधी लॅबच्या दारापर्यंत येतात, चप्पल बाहेर काढतात आणि आत यायला तयार नसतात. एकदा दारातूनच म्हणाले, "मॅडमजी, एक बात पूछू? लडकी इतने साल से क्या कर रही, कोई पूछे तो मेरे को बोलना नहीं आता. खमीर पे काम करती बोलता हूं, तो लोग बोलते, केक बनाती क्या."

मी म्हटलं, "रफीकभाई, लहान भाग म्हणजे पाना समजा. मोठा भाग म्हणजे पाना धरून गाडीजवळ उभा असलेला माणूस."

"हां. तो आदमी हटा दो तो पाना नीचे पडा."

"बरोबर. पण इथे आणखी एक भानगड आहे. त्या माणसाने धरलं की पान्याचं तोंडही थोडं बदलतं, तेव्हाच ते नटाला बसतं. नुसता पाना हातात दिला तर तोंड जुळत नाही."

रफीकभाईंनी विचार केला. "पकडने से मुंह सीधा होता? ऐसा तो शादी में सुना था."

"अब्बू!" नाझनीन आतून ओरडली.

"क्यों, गलत बोला क्या? तेरी अम्मी को पूछ."

नाझनीनने पीएच.डी.साठी जे केलं ते असं. मोठा भाग लहान भागाला जिथे धरतो, त्या पकडीच्या जागेची चित्रं संगणकावर पाहता येतात. तिने त्या जागेतली दोन अमिनो आम्लं निवडली आणि बदलली. अंदाज असा की पकड सुटेल आणि यीस्ट सदतीसवर मरेल. हिवाळ्यात तिने प्रयोग केला तर यीस्ट आरामात जगलं. आम्ही सगळे गोंधळलो, पण गोंधळाचीही एक शिस्त असते. प्रयोग पुन्हा केला, पुन्हा जगलं. म्हणजे ही जागा पकडीला महत्त्वाची नाही, असं तिने प्रबंधात एक अख्खं प्रकरण लिहिलं. तिचे मार्गदर्शक वानखडे सर आमचे विभागप्रमुखही आहेत. ते म्हणाले होते, सादर करायच्या आधी एकदा चांगल्या फोटोंसाठी प्रयोग करून घे. ते फोटो काढायला गेली आणि यीस्ट मेलं.

माझ्या सांगण्यावरून तिने पुन्हा केलं. जगलं. तिसऱ्यांदा केलं तर मेलं. चौथ्यांदा निम्मे ठिपके आले, तेही मरतुकडे.

मी कॉलेजात लागल्यापासून यीस्टला खूप कारणांनी मरताना पाहिलं आहे, पण हे एक दिवसाआड मरणारं यीस्ट मला नवीन होतं. खाद्य तपासलं. पाणी बदललं. मखमल तर मीच धुतली होती, तरी पुन्हा उकळली. नाझनीन आणि मी एकाच टेबलाशी बसून एकाच प्लेटवरून ठसे घेतले. तिचे मेले, माझे जगले. दुसऱ्या वेळी माझे मेले. तिला त्या दिवशी हसू आलं. मला आलं नाही.

वानखडे सरांना हे सांगितलं तेव्हा ते पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "वाण बदलला आहे. कुप्यांची अदलाबदल झाली."

"कुप्या माझ्या ताब्यात आहेत, सर."

"तुम्हाला नाही म्हणत, मॅडम."

म्हणजे कोणाला म्हणत होते ते उघड होतं. मी वाण नागपूरला तपासायला पाठवला. बदललेली दोन्ही अमिनो आम्लं जागच्या जागी होती. वाण तोच, नाझनीनचाच. मला वाटलं विषय संपला. पण सरांनी त्यातून उलटाच अर्थ काढला. त्यांनी तिला माझ्यासमोर बोलावलं.

"वाण बरोबर आहे. तो सदतीसवर मरतोय, जसा मरायला हवा तसाच. मध्येच जगल्यासारखा दिसतो ती ठशांतली सरमिसळ. मग हिवाळ्यात कोण जगलं?"

"हेच जगलं, सर. फोटो आहेत."

"फोटो कोणत्याही प्लेटचा काढता येतो."

नाझनीन "येऊ का, सर?" असं विचारून बाहेर पडली. व्हरांड्यात मी तिला गाठलं तेव्हा ती कूलरच्या टाकीतलं पाणी तोंडावर मारत होती.

"मॅडम, सर मले खोटारडी म्हनून राह्यले."

"तसं म्हणाले नाहीत."

"मग काय म्हनले? मी साध्या यीस्टचा फोटो काढला आन् मायं म्हनून लावला, हेच ना? कायले करीन मी असं? मले तर मरायलेच पायजे होतं ते! मेलं असतं तर माया अंदाज खरा ठरला असता. मी उलटं कायले खोटं बोलू?"

हे बिनतोड होतं. तरी खरं सांगते, त्या संध्याकाळी घरी पोळ्या करताना मला शंका आली. माणूस कंटाळलेला असतो, घाईत असतो, एखादी प्लेट हाती येते. मी हिवाळ्यात तिच्या शेजारी बसलेली नव्हते. जूनअखेर तिची विद्यापीठातली मुदत संपत होती. सरांनी सही केली नाही तर प्रबंध नाही, आणि खोटेपणाचा शेरा लागला तर तो जिल्हाभर तिच्याआधी पोचला असता. तिने पुढे कुठे नोकरी मागितली असती तर मुलाखतीआधीच कोणीतरी कानात सांगितलं असतं. एवढं सगळं एका प्लेटवर. आणि मला त्या प्लेटबद्दल काहीही कळत नव्हतं.

आता मागच्या खोलीबद्दल.

आमच्याकडे गार राखू शकणारी एकच पेटी आहे, ती तीस अंशांवर लावलेली असते. सदतीससाठी एक साधं इनक्युबेटर आहे, ते फक्त तापतं. उन्हाळ्यात आमच्या भागात वीज इतकी वरखाली होते की दोन वेळा त्याचं सर्किट जळून गेलं. दुरुस्तीला नागपूरहून माणूस येईपर्यंत पावसाळा लागतो. तेव्हापासून विभागात पद्धत पडली आहे. एप्रिल लागला की इनक्युबेटर बंद करायचं आणि सदतीसच्या प्लेट मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायच्या. तिथे रॅक आहे, दाराजवळ तापमापी टांगलेली आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत तापमापी सदतीसच्या आसपासच असते. विजेचा खर्च नाही, जळायची भीती नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. आम्हाला त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. इथे निसर्गच इनक्युबेटर चालवतो, असं मी स्वतः पाहुण्यांना सांगितलेलं आहे.

त्या आठवड्यात एका दुपारी लाइट गेली. मेणबत्त्या मागच्या खोलीत वरच्या फळीवर असतात, म्हणून स्टुलावर चढले. हात लावला तर मेणबत्त्या वाकून फळीवर आडव्या झोपलेल्या. वितळल्या नव्हत्या, नुसत्या माना टाकल्या होत्या. मी एक उचलली तर ती केळीच्या सालीसारखी लोंबली.

मी स्टुलावरच उभी राहिले. डोक्यावर हातभर अंतरावर पत्रा. मग दाराजवळची तापमापी काढून वरच्या फळीवर ठेवली. पारा सदतीस ओलांडून चाळीसच्या पुढे चढत गेला. खालच्या फळीवर, फरशीजवळ ठेवली तर सदतीसच्याही खाली आला. आम्ही जिची नोंद करत होतो ती तापमापी दाराजवळ, मधल्या उंचीवर होती. प्लेट मात्र ज्याला जी फळी मोकळी दिसेल त्या फळीवर ठेवत होता.

नाझनीनला बोलावलं. ती आली, मेणबत्ती पाहिली, तापमापी पाहिली. मला वाटलं ती उडी मारेल. ती म्हणाली, "मग हिवाळ्यातलं?"

"हिवाळ्यात इनक्युबेटर चालू होतं. नीट सदतीस."

"म्हनजे सदतीसवर जगते, जास्त झालं तर मरते?"

"असं दिसतं."

"नुसतं दिसते का खरंच आहे, मॅडम?"

"करून पाहू."

एकाच मखमलीवरून दोन प्लेटवर ठसे घेतले. साधं यीस्ट, नाझनीनचं बदललेलं आणि मोठा भाग पूर्ण काढलेलं, असे तिन्ही वाण शेजारी शेजारी. एक प्लेट वरच्या फळीवर, एक खालच्या. वानखडे सरांना मुद्दाम बोलावून त्यांच्यासमोर ठेवल्या. सर पत्र्याखाली दोन मिनिटं उभे राहिले आणि रुमालाने मान पुसत बाहेर गेले.

प्लेट बाहेर काढल्या तेव्हा आम्ही तिघंही होतो. साधं दोन्हीकडे जगलेलं. वर बदललेलं मेलेलं. खाली बदललेलं जगलेलं, ठसठशीत ठिपके. सरांनी दोन्ही प्लेट उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिल्या.

"ठीक आहे," ते म्हणाले. एवढंच. माफी वगैरे मागायची पद्धत आमच्या विभागात नाही. त्यांनी चहा मागवला आणि नाझनीनला स्वतःच्या हाताने कप दिला. मी त्याला माफी समजले. नाझनीन तसं समजली नसावी, कारण तिने कप टेबलावर ठेवला आणि उचललाच नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण खालच्या फळीवरच्या प्लेटमध्ये एक गोष्ट होती जी मी आधी पाहिली आणि काही बोलले नाही. मग नाझनीननेच बोट ठेवलं. मोठा भाग पूर्ण काढलेलं यीस्टही तिथे आलं होतं. पुसट, धुक्यासारखं, पण होतं.

"हे तर मरायले पायजे," ती म्हणाली. "याले तर पकडच नाही."

"खाली सदतीसपेक्षा कमी आहे. रात्री तर आणखी उतरतं," सर म्हणाले.

"मग मायं जगलं ते पकड आहे म्हनून जगलं, का खाली गार होतं म्हनून?"

नाझनीनने भिंगातून बदललेल्या यीस्टचे ठिपके पाहिले. त्यांत काही मोठे होते, काही बारके. एकाच वाणाचे ठिपके सारखे यायला हवेत. मोठ्यांमध्ये आणखी एखादा बदल आपोआप झाला असेल काय? की फक्त प्लेटच्या कडेला जास्त हवा लागली? मी भिंग हातात घेऊन पाहिलं आणि मला काहीही ठरवता आलं नाही. एवढी वर्षं यीस्ट पाहून असं व्हावं, याचा मला राग आला.

सरांनी खुर्ची मागे सरकवली. "ऐक. हे प्रकरण काढून टाक. बाकीची तीन प्रकरणं पुरेशी आहेत. जूनच्या आत सादर कर, मी सही करतो. या दोन अमिनो आम्लांचं नंतर बघू."

मला ते पटलं आणि मी तसं म्हणाले. ज्याचा अर्थ लागत नाही ते पदरात बांधून कशाला फिरायचं? पदवी घे, मग पुढे हवं तेवढं शोध.

नाझनीन माझ्याकडे वळली. "तुमी पन?"

"व्यवहाराचं सांगते आहे."

"मॅडम, परवा ज्याच्यासाठी मले खोटारडी ठरवलं, तेच आता काढून टाकू? मग लोक काय म्हनतीन? काढलं, म्हनजे खोटंच होतं."

"लोकांना काय माहीत?"

"सरांले माहीत आहे," ती म्हणाली. "तुमाले माहीत आहे. मले माहीत आहे." मग सरांकडे वळून, "आन् ते खोटं नाही, सर. चूक असन. पन खोटं नाही. मी चूक म्हनून लिहीन ना. आधी असं वाटलं, मग असं निंघालं, आन् आता हे समजून नाही राह्यलं, असं लिहीन."

"प्रबंधात 'समजून नाही राह्यलं' लिहितात का?" सर म्हणाले, पण आवाज चढवला नाही.

"मग समजेपर्यंत थांबते."

"मुदतवाढ लागेल."

"लागन."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मुदतवाढीची शिफारस मी करीन. पण विद्यापीठ विचारणार, नवीन प्रयोग कशावर करणार? मी काय लिहू? पत्र्याच्या खोलीत, खालच्या फळीवर? आधी सदतीस म्हणजे सदतीस असलेली जागा दाखवा, मग मी लिहितो. आणि इनक्युबेटर या विजेवर चालू केलं तर चार दिवसांत जळेल, तुम्हीच मागे सांगितलं होतं."

"स्टॅबिलायझर हवा."

"मागणी करा. मंजूर होईल तेव्हा होईल."

मंजूर होईल तेव्हा जून संपलेला असतो, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. नाझनीन उठली आणि प्लेट घेऊन गेली. तिचा चहा साय धरून टेबलावर राहिला.

मी अजूनही म्हणते की प्रकरण वगळणं सोपं होतं. तिच्या जागी मी असते तर वगळलं असतं आणि रात्री शांत झोपले असते. तिने थांबून काय मिळवलं, हेही मला सांगता येत नाही. पकड सैल झाली आहे आणि जास्त तापलं की सुटते, असं निघालं तर छान प्रकरण होईल. ते मोठे ठिपके दुसऱ्याच कशामुळे आले असं निघालं तर काहीच होणार नाही, आणि वर एक वर्ष जाईल. मी दोन्ही शक्यता कागदावर मांडून पाहिल्या. कोणती जास्त खरी वाटते, हे ठरेना. रफीकभाईंचा संध्याकाळी फोन आला. "मॅडमजी, लडकी बोल रही और टाइम लगेगा. लगने दो. पर एक बात बताओ, वो पाना आदमी के हाथ में है कि नहीं?"

मी म्हटलं, "रफीकभाई, तेच बघतो आहोत."

"देखो, देखो," ते म्हणाले. "आराम से देखो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरच्या फ्रिजमागचा स्टॅबिलायझर काढला. यजमान दात घासत होते, तोंडात फेस असतानाच म्हणाले, "फ्रिजचा? मे महिन्यात?"

"हो."

"अन् दूध?"

"दोनदा तापवायचं. पाण्याला माठ आहे."

"फ्रिज जळला तर?"

"जळला तर बघू. आज तर बंदच ठेवते."

ते आणखी काही बोलत होते, पण मी स्टॅबिलायझर पिशवीत घालून स्कूटीच्या पुढ्यात ठेवला होता. कॉलेज उघडायच्या आधी पोचले. इनक्युबेटरवरचं प्लास्टिक काढलं, धूळ पुसली, आतल्या फळ्या स्पिरिटने पुसल्या, एक तापमापी वर आणि एक खाली ठेवली. स्टॅबिलायझर जोडला. लाल दिवा लागला. नाझनीन तेवढ्यात आली, ओढणी कमरेला खोचलेली, हातात फ्रीझरमधून काढलेली कुपी. तिने स्टॅबिलायझरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो कुठून आला हे विचारलं नाही.

"मॅडम, सदतीसवर लावू की एकोणचाळीसवर?"

"तुला काय वाटतं?"

"मले काहीच वाटून नाही राह्यलं."

"मग सदतीस," मी म्हटलं आणि बटण फिरवलं.